थकवा आणि थकबाकी

मराठीत 'थकणे' या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. दोन्ही आपण नित्य वापरतो, परंतु त्यांच्यातील नाते सहसा आपल्या ध्यानी येत नाही. माणूस थकतो, तसे भाडेही थकते. शेतसारा थकतो, शिक्षकाचा पगार थकतो, वाण्याचे बिल थकते. एका अर्थाने थकणे म्हणजे शक्ती संपणे. दुसऱ्या अर्थाने, देणे असलेले वेळेवर न दिले जाणे. ज्या कोणा पूर्वजाने हे दोन अर्थ एका शब्दात बांधले त्याने ते विचारपूर्वक केले असेल असे आमचे म्हणणे नाही. तथापि गेल्या हिवाळ्यात हैदराबादेतील नामपल्ली भागात आमच्यावर एक लहानसे काम येऊन पडले आणि त्या निमित्ताने हे दोन अर्थ एकमेकांपासून वाटतात तितके दूर नाहीत, अशी आमची खात्री झाली. ती वाचकांपुढे मांडावी एवढाच या लेखाचा हेतू.

आमच्या एका जुन्या स्नेह्यांचे चिरंजीव स्थापत्यशास्त्राचे पदवीधर असून एका कंत्राटदाराकडे नोकरीस आहेत. नामपल्लीत रस्ता खोदून पाण्याचा नळ घालण्याचे काम त्यांच्या देखरेखीखाली चालू होते. दिवसा रहदारी थांबविणे अशक्य, म्हणून काम रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत. मजूर बहुतेक पालमूरकडचे व काही नांदेड, देगलूर, मुखेड या बाजूचे. कामास मुदत होती. प्रतिवर्षी १ जानेवारीस नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर 'नुमाइश' भरते व ती १५ फेब्रुवारीपर्यंत चालते. १९३८ साली बागेआममध्ये लहान प्रमाणावर सुरू झालेले हे प्रदर्शन आज साऱ्या शहराचा उत्सव झाला आहे. तेव्हा लोकांची रीघ लागण्यापूर्वी रस्ता पूर्ववत झाला पाहिजे अशी वरून ताकीद होती.

एके दिवशी हे चिरंजीव चार टंकलिखित पाने घेऊन आमच्याकडे आले. "काका, एवढे मराठीत करून द्या. तेलुगु मी करवून घेतले आहे. नांदेडकडच्या लोकांना वाचून दाखवायचे आहे." पानांवर जी योजना होती तिचे नाव आम्ही प्रथम 'थकवा व सहनशक्ती व्यवस्थापन' असे लिहिले आणि मग ते आमचे आम्हालाच खटकले. मजकूर मात्र चांगला होता. सलग पाचांहून अधिक रात्री कोणास कामावर ठेवू नये. पाच तासांच्या आत निदान अर्ध्या तासाची सुट्टी द्यावी. चरात उतरलेल्या माणसावर वरून एकाने सतत नजर ठेवावी. ब्रेकर चालविणाऱ्याची पाळी तासातासाने बदलावी. पहाटे दोन ते पाच या वेळात, जेव्हा शरीर झोपेकडे सर्वाधिक ओढ घेते, तेव्हा धोक्याची कामे टाळावीत. दिवसा झोपण्यासाठी काळोखी व शांत जागा असावी. पिण्याचे पाणी, चहा आणि शेकोटी यांचीही सोय होती. हे सारे ज्याने लिहिले त्याला मनुष्यदेहाची जाण होती यात शंका नाही.

पण शेवटच्या पानावरील एक कलम पेन्सिलीने खोडलेले होते. ते असे होते: जो मजूर आपण थकलो असे सांगेल त्यास तत्काळ कामावरून बाजूस घ्यावे व त्याची त्या रात्रीची मजुरी कापू नये. "हे कोणी खोडले?" आम्ही विचारले. "वरच्यांनी," चिरंजीव म्हणाले. "ते म्हणतात, असे लिहिले तर रात्री अकरालाच सगळे थकतील." आम्ही हसलो, ते हसले नाहीत. पुढे म्हणाले, "मी मुकादमाला विचारले. तो म्हणाला, 'साहेब, लिवा नाहीतर नका लिवू. थकलो म्हणणाऱ्याला उद्या बोलावणं नसतं, हे समद्यांना ठाव हाय.'"

या दोन वाक्यांमध्ये, वरच्यांच्या आणि मुकादमाच्या, साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे असे आम्हास वाटते. एकाला भीती अशी की मजूर नसलेला थकवा सांगेल. दुसऱ्याचा अनुभव असा की मजूर असलेला थकवाही सांगणार नाही. दोघांनाही एक गोष्ट मान्य आहे: थकवा ही सांगण्याची गोष्ट आहे. किती फूट चर खणला हे टेपने मोजता येते. खणणाऱ्यात अजून किती त्राण उरले हे कोणत्याही टेपने मोजता येत नाही. श्रम बाहेरून दिसतात, थकवा आतून कळतो. म्हणून थकव्याच्या बाबतीत त्या माणसाची साक्ष टाळून पुढे जाता येत नाही. आणि नेमकी तीच साक्ष त्या योजनेतून खोडून टाकलेली होती.

थकवा मोजण्याचा प्रयत्न शास्त्राने केलेला नाही असे नव्हे. इटलीतील ट्यूरिनचे शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी १८९१ साली थकव्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. बोटाला दोरीने वजन बांधावे, ते पुन्हा पुन्हा उचलावयास लावावे आणि प्रत्येक उचल कागदावर रेषेने उमटावी असे यंत्र त्यांनी तयार केले होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील एक निरीक्षण आम्हास फार अर्थपूर्ण वाटते. तीस वेळा वजन उचलून पूर्ण गळून गेलेल्या स्नायूस पूर्ववत होण्यास सुमारे दोन तास लागतात. मग पंधरा उचलींनंतरच थांबविले तर किती लागावेत? हिशेबाने एक तास. प्रत्यक्षात अर्धा तास पुरतो. म्हणजे शेवटच्या पंधरा उचलींची किंमत पहिल्या पंधरांच्या कितीतरी पट अधिक असते. थकलेल्या देहाकडून घेतलेले काम हे चक्रवाढ व्याजाचे कर्ज आहे. येथे 'थकणे' या शब्दाचे दोन्ही अर्थ एकमेकांस भेटतात. थकवा ही विश्रांतीची थकबाकी होय. आणि ती जितकी लांबवावी तितकी मुदलापेक्षा भारी होते.

आता थकबाकी म्हटली की पहिला प्रश्न येतो तो हा की ती कोणाच्या नावावर मांडावयाची. आपली नेहमीची रीत अशी की ती ज्याचा देह थकला त्याच्याच नावावर मांडावी. तो कमी पडला, त्याची ताकद अपुरी, त्याने रात्री नीट झोप घेतली नसेल, त्याचे खाणे बरोबर नसेल. 'सहनशक्ती व्यवस्थापन' हा शब्द आम्हास खटकला तो यासाठीच. त्या शब्दाने नकळत असे सुचविले जाते की उणीव मजुराच्या सोसण्यात आहे व ती भरून काढावयाची आहे. वस्तुतः देणेकरी दुसराच असतो. ज्याने काम घेतले त्याने विश्रांती द्यावयाची होती; ती थकली. हे एकदा मान्य केले की योजनेची सारी भाषा बदलते. मग विसावा ही मेहेरबानी राहत नाही. ते फेडावयाचे देणे ठरते.

यावर कोणी म्हणेल की सहनशीलता हा सद्गुण आहे, आणि आपली सारी परंपरा तो गौरवीत आली आहे. हे खरे आहे. आजारी मुलाच्या उशाशी रात्र जागविणारी माता, पुराच्या पाण्यात होडी घालणारा तांडेल, पंढरीच्या वाटेवर पायांना फोड आले तरी न थांबणारा वारकरी, यांच्यापुढे कोणाचेही मस्तक नम्र होईल. पण या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. सोसण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा आहे. वारकऱ्याला वाटेत झाडाखाली बसता येते. कोणी त्याचा खाडा मांडीत नाही. सोशिकता हा असा गुण आहे की जो स्वतःकडून मागावा आणि दुसऱ्याकडून मागू नये. दान जसे हिसकावून घेतले की दान राहत नाही, तसेच सोसणे दुसऱ्याने नेमून दिले की ते सद्गुण न राहता केवळ उपसा होतो. मजुराच्या सहनशक्तीची स्तुती मालकाच्या तोंडी आली की ऐकणाऱ्याने सावध व्हावे.

'खाडा' हा शब्द आम्ही सहज वापरला; तो मराठवाड्यातील वाचकांच्या ओळखीचा असेल. बीडकडील ऊसतोड कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतात व नवराबायको मिळून एक कोयता म्हणून फडावर जातात. ज्या दिवशी आजाराने वा अंगातले त्राण गेल्याने काम होत नाही त्या दिवसाचा खाडा पडतो आणि त्याचा दंड अंगावर चढतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील कित्येक स्त्री कामगारांनी गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया करून घेतल्याचा प्रश्न पुढे आला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. मासिक पाळीच्या दिवसांतही विसावा परवडत नाही ही त्यामागील कारणांपैकी एक गोष्ट होती. ज्याचे श्रम आधीच विकत घेतले गेले आहेत त्याची जीभही त्याबरोबर गहाण पडते. 'मी थकले' हे वाक्य तिला उच्चारता येत नाही. आणि जे तोंडाने सांगता येत नाही ते शेवटी देह कापून सांगावे लागते.

येथवर आम्ही मजुराच्या साक्षीची बाजू मांडली. परंतु प्रामाणिकपणाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारण ही साक्ष नेहमी विश्वसनीय असतेच असे नाही. थकव्याचा एक विचित्र धर्म आहे: तो प्रथम थकव्याची जाणीवच बोथट करतो. डॉसन व रीड या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्या मोटार कायद्याने वाहनचालकास घातलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. मद्यप्यास आपण फार प्यालो असे क्वचितच वाटते. जागलेल्याचीही तीच गत. 'मला काही होत नाही, अजून दोन तास सहज ओढीन' असे तो मनापासून म्हणतो, आणि त्याच्या मनापासूनच्या म्हणण्यावर त्या वेळी विसंबणे हा त्याच्याशी केलेला दगा होय.

झोप ही इच्छाशक्तीची प्रजा नाही. २०२० च्या मे महिन्यातील ८ तारखेची पहाट मराठवाड्याने विसरू नये. टाळेबंदीत काम गेलेले मध्यप्रदेशातील मजूर जालन्याहून गावाकडे निघाले होते. रेल्वेगाड्या बंद आहेत अशा समजुतीने ते रुळांवरून रात्रभर चालले आणि करमाडजवळ रुळांवरच टेकले. मालगाडी आली तेव्हा ते गाढ निजले होते. सोळा जण मेले. जालन्याहून करमाडवरून मनमाडकडे जाणारा हा मार्ग निजामाच्या काळात हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे म्हणून बांधला गेला आणि आजही त्याचा कारभार सिकंदराबादेतूनच चालतो. त्या दिवशी पुष्कळांनी विचारले, 'रुळावर कशाला झोपायचे?' हा प्रश्न विचारणारा माणूस कधी खरा थकलेला नव्हता, एवढेच म्हणता येईल. त्या सोळा जणांनी झोपण्यासाठी रूळ निवडला नाही. जेथे निवडण्याची शक्ती संपली तेथे रूळ होता.

तेव्हा एक साक्ष पुरेशी नाही. दुसरी साक्ष घड्याळाची. मजुरांच्या चळवळीने दीडशे वर्षे जो झगडा केला तो मुख्यतः या घड्याळासाठी. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या व साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्ध्या तासाचा विसावा होता. रविवार मिळाला तो १८९० च्या जून महिन्यात, १० तारखेस. १९४६ साली कामगारखात्याचे सभासद असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कारखान्यांचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आणणारे विधेयक मांडले. १९४८ च्या कारखाने कायद्याने तो आठवडा कायम राखला, आणि सलग पाच तासांपेक्षा अधिक काम न घेता निदान अर्ध्या तासाचा विसावा द्यावा असा दंडकही घातला. लोखंड्यांनी मागितलेला अर्धा तास चौसष्ट वर्षांनी भारतीय कायद्याच्या पुस्तकात असा स्थिरावला.

रेल्वेच्या कामगारांची कथा याहून उद्बोधक आहे, आणि नामपल्लीत बसून ती न आठवणे शक्य नाही. नामपल्लीचे स्थानक १९०७ सालचे. येथे रूळ संपतात; रात्रभर धावून आलेली गाडी येथेच विसावते. पण गाडी विसावली म्हणजे गाडीवान विसावला असे नव्हे. १९३० साली रेल्वे कायद्यात जी कलमे आली त्यांनी अखंड कामाचा आठवडा साठ तासांचा व खंडित कामाचा चौऱ्याऐंशी तासांचा ठरविला. फाटकवाला दोन गाड्यांच्या मध्ये नुसता बसून असतो, मग त्याचे तास अधिक असले म्हणून काय बिघडले, असा तो विचार. पुढे न्यायमूर्ती राजाध्यक्ष, जे १९५२ साली पहिल्या प्रेस कमिशनचे अध्यक्ष झाले, त्यांनी १९४७ च्या निवाड्यात तीव्र श्रमाच्या कामास पंचेचाळीस, अखंड कामास चोपन्न व खंडित कामास पंचाहत्तर तास नेमून दिले. या वर्गवारीतील तत्त्व सूक्ष्म आहे. हातपाय हलतात की नाही एवढेच पाहावयाचे नसून, माणसाला सतत अवधान ठेवावे लागते काय, हेही पाहावयाचे. लक्ष ठेवणे हेही काम आहे. वाट पाहणे म्हणजे विश्रांती नव्हे. चराच्या काठी उभा राहून आतल्या माणसावर नजर ठेवणारा मजूर 'नुसता उभा' नसतो.

याच प्रश्नावर १९७३ च्या ऑगस्टात इंजिनचालकांनी संप केला आणि दहा तासांच्या पाळीचे आश्वासन मिळविले. १९७४ च्या मे महिन्यात जो देशव्यापी रेल्वेसंप झाला त्याच्या मागण्यांत आठ तासांचा दिवस होता. त्याचे नेतृत्व जॉर्ज फर्नांडिस या मंगळुरी कोंकणी गृहस्थाने केले होते. संप वीस दिवसांत मोडला, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या संपाच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतील. पण इंजिनचालकाने आठ तासांनंतर झोपावे की नाही याविषयी, त्याच्या मागे डब्यात निजलेल्या प्रवाशाचे मत काय असावे हे सांगावयास नको.

घड्याळाची साक्ष अशी मोलाची आहे. पण तीही अपुरीच. २०२५ च्या जुलै महिन्यात तेलंगण शासनाने व्यापारी आस्थापनांस दिवसाचे काम दहा तासांपर्यंत नेण्याची मुभा दिली आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास तसेच ठेवले. बेरीज तीच राहिली म्हणून बिघडले काहीच नाही असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु मोस्सोच्या यंत्राने शिकविलेला धडा असा की देह आठवड्याची बेरीज करीत नाही. शेवटचे दोन तास पहिल्या दोनांच्या भावाने मिळत नाहीत. शिवाय घड्याळ सर्वांस एकच. ज्याने दिवसा पत्र्याच्या खोलीत उकाड्याने व गोंगाटाने डोळा मिटला नाही, आणि ज्याने स्वस्थ झोप घेतली, ते दोघेही घड्याळाच्या दृष्टीने रात्री दहा वाजता ताजेतवानेच असतात.

मग करावयाचे काय? आम्ही त्या चिरंजीवांस जे सांगितले ते येथे लिहितो. दोन साक्षीदार माना: घड्याळ आणि माणूस. दोघांनाही फक्त एकच अधिकार द्या, तो 'थांब' म्हणण्याचा. 'चालू ठेव' म्हणण्याचा अधिकार दोघांपैकी कोणासही नको. घड्याळाने थांब म्हटले की 'मला काही होत नाही' हे मजुराचे म्हणणे ऐकू नये. मजुराने थांब म्हटले की 'अजून तीन तास बाकी आहेत' हे घड्याळाचे म्हणणे ऐकू नये. वरच्यांस वाटणारी लबाडीची भीती अगदीच खोटी नाही. शंभरात दोन माणसे नसलेला थकवा सांगतीलही. पण त्या दोघांनी चोरलेल्या रात्रीची किंमत पैशांत मोजता येते. न सांगितलेल्या थकव्याने चरात पडलेल्या एका माणसाची किंमत मोजता येत नाही. हिशेबच करावयाचा असेल तर तो असा करावा.

एक आक्षेप उरतो आणि तो मजुराकडूनच येतो. तो म्हणतो, मला विसावा नको, जादा पाळी द्या. घरी पैसे पाठवावयाचे आहेत. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. विसाव्याची किंमत मजुरीतून वळती होत असेल तर गरीब माणूस विसावा घेणार नाही, आणि त्यास दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. म्हणूनच खोडलेल्या कलमातील दुसरा भाग, मजुरी न कापण्याचा, हा पहिल्या भागाचा प्राण आहे. बिनपगारी विसावा ही सक्तीची उपासमार ठरते. तसेच, मजूर घरी किती झोपला, रात्री कोठे गेला, काय प्याला याची चौकशी करणारी, त्याच्या मनगटाला पट्टा बांधून त्याची झोप मोजणारी व्यवस्था आम्हास मान्य नाही. पाळी संपल्यानंतरचा माणूस हा कोणाच्याही योजनेचा भाग नसतो. त्याला झोपता येईल अशी जागा आणि झोप परवडेल अशी मजुरी द्यावी, आणि दार लोटून घ्यावे.

विसावा कशासाठी द्यावयाचा हाही प्रश्न येथेच येतो. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात लोखंडाच्या कांबी वाहणाऱ्या मजुराची हकीकत दिली आहे. त्यास ठरावीक अंतराने बसविले की तो दिवसाला साडेबारा टनांऐवजी सत्तेचाळीस टन वाहू शकतो असे त्यांनी दाखविले. तेथे विसावा खरा, पण तो इंजिनाला घातलेल्या तेलासारखा. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांतही आढळले की तास कमी केल्याने उत्पादन घटत नाही, काही कामांत वाढते. हे पुरावे मालकांस पटविण्यासाठी उपयोगी पडतात, म्हणून ते जरूर सांगावेत. परंतु उद्या जर असे सिद्ध झाले की थकविलेल्या माणसाकडूनच उत्पादन अधिक होते, तर विसाव्याचा हक्क नाहीसा होईल काय? आपल्या शेतकऱ्याने यास फार पूर्वी उत्तर दिले आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळून खांदेमळणी करतो, आणि पोळ्याच्या दिवशी बैलास जुंपीत नाही. बैल उद्या अधिक नांगरील हा त्यामागील हिशेब नसतो; ज्या खांद्याने वर्षभर जू वाहिले त्या खांद्याचे आपण काही देणे लागतो ही जाणीव त्यामागे असते.

मराठीत विसावा, कोंकणीत विसव. शब्द एकाच घरचे. गोव्यात भर दुपारी दुकाने मिटून घेण्याची जी रीत आहे तिची बाहेरचे लोक 'सुशेगाद' म्हणून थट्टा करतात. ज्या मुलुखात बारा ते तीन ऊन माथ्यावर तापते तेथे त्या वेळी दार लावून घेणे हे आळसाचे लक्षण की शहाणपणाचे, याचा विचार मे महिन्यात हैदराबादच्या रस्त्यावर डांबर पसरणाऱ्या मजुराकडे पाहून करावा. त्याला कोणी सुशेगाद म्हणत नाही. त्याला सावलीही कोणी देत नाही.

नामपल्लीत पुढे काय झाले ते सांगून हा लेख संपवितो. चिरंजीवांनी वरच्यांशी पुष्कळ वाद घातला. महिन्यातून दोन रात्रींपुरती मजुरी कापली जाणार नाही, एवढे पदरात पडले. आम्ही योजनेचे नाव नुसते 'विसाव्याचे नियम' असे केले, आणि ते कलम शेवटून उचलून पहिल्या जागी घातले. पहिल्या पंधरवड्यात एकाही मजुराने तोंड उघडले नाही. वरच्यांस वाटले, कोणी थकतच नाही. मुकादम म्हणाला, "पहिला कोण बोलतो अन् त्याचं काय होतं, ते बघायलेत समदे." डिसेंबरच्या मध्यास एका रात्री दोनच्या सुमारास एक पोक्त मजूर ब्रेकर खाली ठेवून म्हणाला, "आता होत नाही." त्याला शेकोटीजवळ बसविले, चहा दिला. आठवड्याचा पगार झाला तेव्हा त्याची मजुरी पुरी आली, आणि पुढच्या रात्री त्यास बोलावणेही आले. त्यानंतरच्या आठवड्यात चौघे बोलले. त्यांतील एकाचा थकवा खरा नसावा असा चिरंजीवांस संशय आहे. असेल.

काम मात्र वेळेवर पुरे झाले नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहकुटुंब नुमाइश पाहावयास गेलो तेव्हा रस्त्याचा एक तुकडा अजून उकरलेलाच होता. लांबून वळसा घ्यावा लागला, चपला चिखलाने भरल्या, आणि आमच्याही तोंडून 'काय ही व्यवस्था!' असे उद्गार सवयीने निघाले. चार पावले पुढे गेल्यावर आम्हास आमचीच लाज वाटली. २०२५ च्या डिसेंबरात, वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाल्यानंतर लवकरच, देशातील सर्वांत मोठ्या विमानकंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली; नियमांसाठी पुरेसे वैमानिक तिने सज्ज ठेवले नव्हते. शेवटी काही नियमच सैल करावे लागले. त्या वेळी विमानतळांवर ताटकळलेल्यांचे हाल खरे होते. पण आजवर आपण वेळेवर पोहोचत होतो ते कोणाच्या झोपेच्या बळावर, हा प्रश्न विचारणारे थोडेच होते.

थकबाकीच्या वहीत देणेकरी म्हणून मालकाचे नाव आम्ही वर लिहिले. ते योग्यच आहे. पण त्याच्याखाली आणखी एक नाव लिहावयास हवे. रस्ता उजाडण्यापूर्वी बुजलेला हवा, साखर स्वस्त हवी, गाडी वेळेवर हवी, असे म्हणणाऱ्यांचे. ते नाव आपले आहे. मजुराचा विसावा खरोखरच मान्य असेल तर त्याचा आपल्या वाट्याचा हप्ता म्हणून एखादा वळसा, एखादा उशीर, चपलेला लागलेला थोडासा चिखल आपण न कुरकुरता सोसला पाहिजे. सोशिकता हा गुण स्वतःकडूनच मागावयाचा असतो, असे आम्ही वर म्हटले आहे. तो मागण्याची ही एक बरी संधी आहे.